विळ्याचं पाणी

आमच्या गावाकडच्या घरात, माळवदाच्या खोलीतली एक देवळी सध्या रिकामी आहे. तिथं एक विळा असायचा. बाभळीची मूठ, पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामानं काळी पडलेली. पातं धार लावून लावून एवढं झिजलेलं की तृतीयेच्या चंद्रासारखं दिसायचं. त्यानं गवताची काडी कापलेली मी कधी पाहिली नाही, तरी घरात त्याला मान होता. खंडेनवमीला तो खाली उतरायचा, राखेनं घासला जायचा, हळदी-कुंकू लावून पुन्हा देवळीत जायचा. आणि घरात बाळंतीण आली की तिच्या बाजेखाली.

माझे वडील जन्मले तेव्हा तो बाजेखाली होता. मी जन्मले तेव्हाही होता. गाव धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातलं, कोरडवाहू, ज्वारीचं. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडायचा, त्यावर हळदी-कुंकू, शेजारी कोरा कागद, लेखणी आणि हा विळा. सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी लिहून जाते, म्हणून कागद-लेखणी. मग विळा कशाला, असं मी आजीला एकदा विचारलं. ती म्हणाली, "सटवाई येती ती लिहायला येती. पर तिच्या मागनं बाकीच्या बी येत्यात. त्यांनी लोखंड बघितलं की उंबऱ्यातनंच माघारी."

'पाचवीला पुजलेला' हा शब्द आपण किती सहज वापरतो. मराठवाड्याच्या पाचवीला दुष्काळ पुजलाय, हे तर वर्तमानपत्रांत वाचून वाचून पाठ झालंय. ते वाचलं की मला पाट्याशेजारचं ते पातं आठवतं. आमच्या पाचवीला खरंखुरं पुजलं जायचं ते लोखंड.

पुढं शिकले तेव्हा या विधीची दुसरी बाजू कळली आणि काही दिवस झोप लागली नाही. पूर्वी सुईण नाळ कापायची ती घरातल्याच पात्यानं. पातं मळकं असलं की नवजात लेकराला धनुर्वात व्हायचा, आणि त्याची लक्षणं दिसायची ती जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला. लेकरू दूध ओढेनासं व्हायचं, मग ताठ व्हायचं, मग जायचं. पाचवी-सहावीच्या रात्री बायका जाग्या का राहायच्या, दारात राखण का बसायची, हे मला तेव्हा समजलं. ज्या लोखंडानं राखण करायची त्याच लोखंडातून मरण येत होतं आणि हे कुणाला माहीत नव्हतं. भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं ते २०१५ साली. त्याआधीच्या किती पिढ्यांनी त्या पात्याला हात जोडले असतील. मी त्यांना अडाणी म्हणू शकत नाही. भीती कुठल्या दिवशी येते ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं, ती येते कुठून एवढंच कळलं नव्हतं.

माझी लेक झाली ती शहरात, एका मोठ्या रुग्णालयात. माय गावाहून आली ती पिशवीत विळा घेऊन, जुन्या धडप्यात गुंडाळून. मी नको नको म्हणत होते. रात्रपाळीच्या सिस्टरनं उशाजवळचं ते गाठोडं चाचपून पाहिलं. आता ओरडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. ती हळूच म्हणाली, "उशाखाली नका ठेवू मावशी, लेकराला लागंल. खाटंखाली सरकवा." ती जालन्याकडची होती.

आजीचे विळ्याचे नियम पुष्कळ होते. विळा हातात द्यायचा नाही. भुईवर ठेवायचा, घेणाऱ्यानं तिथून उचलायचा. हातात दिला की दोघांत तेढ येते. रिकामा विळा दगडावर वाजवायचा नाही, कात्री उगीच उघडझाप करायची नाही, घरात भांडण होतं. ओलांडायचा नाही. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही. लहानपणी ही सगळी मला म्हातारीची कटकट वाटायची.

मग एका हिवाळ्यात वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला खड्गलक्षणाचा अध्याय वाचायला मिळाला. सहाव्या शतकातला ग्रंथ. तलवारीचं माप तिथं दिलंय: पन्नास अंगुळं उत्तम, पंचवीस कनिष्ठ. पण मी थांबले ती पुढच्या एका श्लोकापाशी. राजानं तलवार कशी वागवावी? कारणावाचून उपसू नये. आपटू-घासू नये. तिच्यात तोंड पाहू नये. तिची किंमत सांगू नये. ती कुठल्या देशाची ते बोलू नये. तिचं माप काढू नये. अशुद्ध असताना तिला शिवू नये.

मी ते दोनदा वाचलं. हे तर आजी म्हणायची! तिनं बृहत्संहितेचं नावही ऐकलेलं नव्हतं. ग्रंथातून गावात आलं की गावातून ग्रंथात गेलं, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. राजाच्या तलवारीला आणि कुणब्याच्या विळ्याला एकच आचारसंहिता लागू होती, याचंच मला अप्रूप. आणि त्या संहितेचा रोख पाहा. पात्याचं कौतुक कसं करावं हे त्यात फारसं नाहीच. त्याला कधी हात लावू नये, हेच जास्त आहे.

त्याच अध्यायात पात्याला पाजण्याचे प्रकार आहेत. लालबुंद तापलेलं पातं कशात बुडवावं? झळाळती संपत्ती हवी त्यानं रक्त पाजावं. गुणी मुलगा हवा त्यानं तूप. अक्षय धन हवं त्यानं पाणी. आणि पापाच्या वाटेनं काही साधायचं असेल त्यानं घोडी, सांडणी किंवा हत्तिणीचं दूध. आणखी एक लेप सांगितलाय: रुईचा चीक, जाळलेलं मेंढ्याचं शिंग, कबुतराची आणि उंदराची विष्ठा. असं पातं दगडावरही तुटत नाही म्हणे. हे सगळंच थोतांड नाही. जाळलेल्या शिंगातला कार्बन तापलेल्या लोखंडाच्या कातडीत मुरतो आणि ती कातडी कडक होते, हे आजही खरंच आहे. फळाच्या याद्या मागून चिकटल्या असतील. पण मला भावलं ते तिथलं पाजणं. पातं पितं. त्याला तहान असते. ते काय पिऊन मोठं झालं त्यावर त्याचा स्वभाव ठरतो.

आपण मराठीत अजून तेच बोलतो. विळ्याला पाणी पाजलं, कुऱ्हाडीचं पाणी उतरलं. तिथून ते माणसात आलं: पाणीदार माणूस, कुणाचं पाणी जोखणं. फारसीतही पात्याच्या तेजाला पाणीच म्हणतात, आब. आपण आब राखून वागतो तो तोच आब.

हे पाणी मी जवळून पाहिलं ते लोहारतात्यांच्या भट्टीवर.

तात्यांची भट्टी वेशीजवळ, पत्र्याच्या छपरात, आणि कायम अंधारी. बाहेर मे महिन्याचा उजेड डोळे फोडत असला तरी आत सांजवेळ. मला वाटायचं गरिबीमुळे खिडकी नाही. तात्यांनी सांगितलं, "उजेडात लोखंडाचा रंग दिसत न्हाई लेकी. उन्हात तापलेलं बी काळंच दिसतं." कातडी भाता जाऊन हाताचा पंखा आला होता. तो फिरवायचं काम मला मिळायचं आणि मी शाळा सुटली की धावत जायची. ऐरणीवर बसायचं नाही, तिच्यावरून पाय टाकायचा नाही. अवसेला भट्टी बंद. कोळसा बाभळीचा.

खुरप्याला पाणी द्यायची वेळ आली की तात्या हातानंच खूण करायचे: गप्प. तेवढा वेळ त्यांच्या बायकोचं बोलणंही थांबायचं. बोललं की पाणी बाटतं. पातं निखाऱ्यातून निघायचं ते पिकल्या बोराच्या तांबूस रंगाचं. सांडशीत धरून ते दगडी डोणीत उतरवायचे, पण सगळं नाही, नुसती धारेकडची दोन बोटं. चर्र आवाज, वाफेचा फणकारा, लोखंडाचा तो कडवट वास. लगेच बाहेर काढून दगडाच्या कपचीवर दोनदा घासायचे, म्हणजे काळी साय निघून धार पांढरी दिसायची. आणि मग ज्यासाठी गप्प बसायचं ते सुरू व्हायचं. वरच्या अजून तापलेल्या अंगातली धग खाली धारेकडे सरकायची आणि त्या पांढऱ्या पट्टीवर रंग चालत यायचे. आधी वाळल्या कडब्याचा पिवळा. मग तांबूस. मग वांग्याचा जांभळा. मग मोराच्या मानेचा निळा. तात्यांच्या डोळ्याची पापणी हलायची नाही. चाकू असेल तर कडब्यावर थांबायचं, कुऱ्हाड-कोयता असेल तर वांग्यापर्यंत जाऊ द्यायचं. नेमका रंग धारेशी आला की पातं पुन्हा डोणीत. रंग तिथंच गोठायचा.

पहिल्या बुडीनं लोखंड कडक होतं पण काचेसारखं ठिसूळ. मग त्याला थोडी ऊब परत देऊन लवचिक करावं लागतं. धातुशास्त्राच्या पुस्तकात हेच तापमानाच्या आकड्यांत लिहिलेलं असतं, पिवळ्यासाठी साधारण २२० ते २३० अंश, जांभळ्यासाठी २८० च्या आसपास. तात्यांकडे आकडे नव्हते. त्यांच्याकडे कडबा, वांगं आणि मोर होता, आणि 'बोलू नको, पाणी बाटंल' हा नियम होता. एक क्षण नजर हलली तर खुरपं मऊ पडणार किंवा तुटणार. नियम श्रद्धेचा होता की कामाचा, हे वेगळं करून सांगणं मला जमत नाही, आणि तात्यांनाही तो फरक करायची कधी गरज पडली नसावी.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट ते फार सांगायचे. शेतीची अवजारं धूळ खात पडलेली आणि खडी फोडायच्या कामावर सगळा गाव. पहारी, टिकाव, छिन्न्या रोज बोथट होऊन यायच्या. त्या शेवटायला, म्हणजे पुन्हा धारेवर आणायला, भट्टी दिवसरात्र चाललेली. विहिरीत पाणी नाही, हंडाभर पाण्याला दीड कोस चालायचं. पण तात्यांच्या आईनं डोणी एक दिवस कोरडी ठेवली नाही. आधी डोणीत तांब्याभर, मग चुलीशी. "लोखंड उपाशी ठिवलं तर गाव काय खाईल?" असं ती म्हणायची. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी टीव्हीसमोर बसून ते टँकरचे डबे पाहत होते आणि मला ती तांब्याभर पाण्याची डोणी दिसत होती. लोखंडाच्या धारेला 'पाणी' हे नाव असलेल्या भाषेत बोलणारी माणसं आम्ही, आणि आमचाच मुलूख कोरडा.

या मातीत लोखंडाची विद्या किती जुनी आहे ते आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. शेजारच्या विदर्भात, नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच सापडली, सुमारे अडीच हजार वर्षांहून जुनी. त्याच काळातल्या तिथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या वर्तुळाखालच्या दफनांत, माणसांबरोबर कुऱ्हाडी, सुऱ्या, छिन्न्या पुरलेल्या आहेत. जन्मताना उशाशी पातं, जाताना उशाशी पातं.

आणि आमच्या निजामी मुलखात तर जगातलं नावाजलेलं पोलाद होत होतं. मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता त्याच संस्थानातलं कोनसमुद्रम हे गाव, आताच्या तेलंगणातलं, नांदेडच्या हद्दीपासून फार लांब नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं तिथलं काम पाहून लिहून ठेवलं, आणि तिथं पोलाद घ्यायला थेट इराणचे व्यापारी येऊन बसत, हेही नोंदवलं. अशाच दख्खनी पोलादाच्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटायची. युरोपच्या शास्त्रज्ञांना तिनं वेड लावलं, मायकेल फॅरेडेनंही १८१९ पासून काही वर्षं या पोलादाचा माग काढला. कृती ऐकायला सोपी. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालायचे, झाडाच्या काटक्या आणि पानं घालायची, तोंड मातीनं लिंपून मूस तासन्‌तास भट्टीत ठेवायची आणि सावकाश निवू द्यायची. काटक्या-पानांचा कार्बन लोखंडात उतरतो. दक्षिणेत ठिकठिकाणी यासाठी काय घालत याच्या नोंदी आहेत, आणि त्यात दोन नावं पुन्हा पुन्हा येतात: तरवड आणि रुई.

तरवड! आमच्या माळावर पिवळ्या फुलांनी लगडलेला असतो तो. आणि रुई म्हणजे शनिवारी मारुतीच्या गळ्यात घालतो ती. वराहमिहिराच्या लेपातही रुईच आहे. दरवर्षी बांधावरून कुऱ्हाडीनं तोडून फेकतो ती झुडपं. ज्यातून दमास्कसची म्हणून गाजलेली पाती घडली, त्या मुशीत घालायची पानं आमच्या बांधावरची आहेत, हे मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळलं. हे आधी कळलं असतं तर तात्यांना सांगता आलं असतं. ते तेव्हा हयात नव्हते.

परंड्याच्या किल्ल्यावर लहानपणी सहल जायची. तिथल्या तोफांवर चढून आम्ही डबे खायचो. याच किल्ल्यावर एकेकाळी मुलुखमैदान होती. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, तोंड सिंहाचं आणि त्याच्या जबड्यात हत्ती. १६३२ साली ती परंड्याहून विजापूरला नेली. पंचावन्न टनांचं ते धूड आमच्या बार्शीकडच्या वाटांवरून कसं ओढलं असेल देव जाणे. पुढं १८५४ साली इंग्रजांनी ती मोडीत काढायला लिलावात ठेवली, बोली लागली दीडशे रुपये, आणि शेवटी विक्री रद्द झाली. लोक तिला फुलं वाहत होते. ज्या तोफेनं माणसं मारली तिला फुलं का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडायचा. आता मी तो आजीच्या बाजूनं बघते. एवढी ताकद शेजारी असली की तिच्याशी बोलणं चालू ठेवावं लागतं. तिला पाहुणी करावं लागतं, नाहीतर ती मालकीण होते.

नांदेडला मी हे फार सुंदर रूपात पाहिलं. गुरू गोविंदसिंह १७०८ साली तिथंच, गोदाकाठी, निजधामास गेले. तिथल्या सचखंड हुजूरसाहिब गुरुद्वाऱ्यात शस्त्रं आहेत, त्यांचं दर्शन घडवतात, आणि दिवाळीला तख्तस्नान होतं तेव्हा गोदावरीच्या पाण्यानं ती धुतात. बृहत्संहितेतलं रक्त नाही, तूप नाही. गोदावरी. खालसा पंथाचं अमृतही लोखंडी वाटीत, दुधारी खंड्यानं ढवळून सिद्ध होतं, आणि त्या पाण्यात पताशे घालतात. माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध सरदारजींना मी पताशांचं विचारलं. नांदेडचेच, अस्सल मराठी बोलणारे. ते म्हणाले, "नुसतं लोखंड पाजलं तर माणूस कडक होतो. गोडी पण पाहिजे ना ताई." मला तात्यांची दुसरी बुडी आठवली.

याच नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. खंडोबाच्या नावातच खांडं आहे, तालुक्याच्या नावात लोह. पण त्या जत्रेवर वेगळंच लिहावं लागेल.

लोखंडाला काम करू द्यायचं नाही असे दिवस आमच्याकडे ठरलेले आहेत, आणि मला या सगळ्या समजुतींमधली तीच सगळ्यात शहाणी वाटते. नागपंचमीला घरात चिरायचं नाही, रानात नांगरायचं नाही, खणायचं नाही. त्या दिवशी चुलीवर पुरणाची दिंडं उकडतात, विळी पालथी असते. कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळानं नागाची पिल्लं मरतात आणि नागीण सूड घ्यायला येते. म्हणजे फाळ पोटाला भाकरी देतो पण तो निष्पाप नाही, हे आम्ही दर श्रावणात लेकरांना सांगतो. पोळ्याला औत नाही. ग्रहणात पोटुशी बाई विळीला शिवत नाही. आणि खंडेनवमीला तर सगळं घरच लोखंडानं भरतं. खुरपी, विळे, कुऱ्हाडी, कोयते, वखराची पास, तिफणीचे फण, अडकित्ता, शिवणयंत्र, हल्ली मोटारसायकलही. धुऊन, पुसून, हळदी-कुंकू लावून ओळीनं. त्या दिवशी त्यांना हात लावायचा तो नमस्कारापुरता.

तुळजापूरची आई आमच्यापासून जवळच. हाती शस्त्रं घेऊन महिषासुराला मारणारी. ती शिवछत्रपतींना तलवार देते, असं आमच्या प्रत्येक घरातलं म्हातारं माणूस मानतं. पण मला ओढ आहे ती तिच्या झोपेची. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवीला पलंगावर निजवतात, ती कोजागरीपर्यंत. तिला श्रमनिद्रा म्हणतात. नऊ दिवस लढून थकली, आता तिला उठवायचं नाही. देवाच्याही हातातलं शस्त्र खाली ठेवायची सोय आमच्या लोकांनी करून ठेवली.

आणि नेमक्या याच दिवसांत, देवी पलंगावर असताना, आमच्या गावाच्या वेशीत मुकादमाचे ट्रक लागतात.

बीड, धाराशिवकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या धंद्यातली मोजदाद कशी होते हे माझ्या शहरातल्या मैत्रिणींना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा माणूस किंवा एकटी बाई म्हणजे 'अर्धा कोयता'. "यंदा तुमच्या टोळीत किती कोयते?" असं विचारतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. ज्या मुलखात विळ्याला माणसासारखं पाणी पाजायचं, झोपवायचं, नैवेद्य दाखवायचा, तिथं माणसाला मोजताना कोयता म्हणायचं. मला हा शब्द आजही सहजपणे उच्चारता येत नाही.

माझ्या बरोबरीनं तात्यांच्या भट्टीवर पंखा फिरवणारी एक मैत्रीण होती. सातवीनंतर तिचं लग्न झालं. नवऱ्याला पूर्ण उचल हवी होती, अर्ध्या कोयत्याला ती मिळत नव्हती. ती तेरा-चौदा वर्षांची होती आणि एका रात्रीत कोयत्याचा दुसरा अर्धा भाग झाली. आजारी पडलं की खाडा, खाड्याला दंड. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर. तिशी ओलांडायच्या आत तिनं गर्भाची पिशवी काढून घेतली. तिच्यासारख्या बायका बीडमध्ये एवढ्या निघाल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नागपंचमीला विळीला सुट्टी आहे. पोळ्याला बैलाला आहे. देवीला पाच दिवस आहेत. तिला फडात एक दिवस नव्हता.

गेल्या खंडेनवमीला मी गावी होते. भट्टी आता तात्यांचा मुलगा चालवतो. कोयते तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून करतो, तो पोलादाचा पाटा फार चांगला. सकाळपासून भट्टीवर रांग होती. दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी गाड्या निघायच्या. पूजेचा दिवस असून तो कामाला का बसलाय म्हणून माय कुरकुरली. तो म्हणाला, "काय करू काकू, ह्यांना परवा बोथट कोयता घेऊन धाडू का?" मैत्रीण तिच्या सुनेला घेऊन रांगेत बसली होती. सून पोटुशी, सातवा सरलेला. मी विचारलं, हिला नेतेस? तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. उचल घेऊन झाली होती.

त्यांचा कोयता झाला तेव्हा मी जवळ जाऊन उभी राहिले. रंग चालत आला. कडबा, तांबूस, वांगं. पोरानं तो बापासारखाच पापणी न हलवता पाहिला आणि नेमका बुडवला. सगळी रांग तेवढा वेळ गप्प होती.

संध्याकाळी मैत्रीण सुनेला घेऊन घरी निरोप घ्यायला आली. माय तिच्याशी बाळंतपणाचं बोलत होती. फडातल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, होणार, जवळचा दवाखाना कुठला, सुईण टोळीत कुणी आहे का. मी मधेच म्हणाले, नाळ नवीन पात्यानंच कापायची, पाकिटातल्या. रिक्षाचा, गाडीचा, कुणाचाही नंबर आताच घेऊन ठेव. मी तिच्या मोबाइलमध्ये माझा नंबर पुन्हा टाकून दिला, मोफत रुग्णवाहिकेचा १०८ लिहून दिला, नव्या ब्लेडांचं पाकीट दिलं. ती हो हो म्हणत होती.

माय उठून आत गेली. माळवदाच्या खोलीत देवळीशी काहीतरी खुडखुडलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो विळा होता, सकाळचं कुंकू अजून पात्यावर. सुनेकडं पाहून म्हणाली, "कापायचं न्हाई ह्यानं काही. नुसता खाली ठिवायचा, तुझ्या आणि लेकराच्या. गुढीपाडव्याला माघारी आलीस की आणून दे."

तिनं तो पोरीच्या हातात दिला नाही. वाकून उंबऱ्यावर ठेवला. पोरगी पोटावर एक हात धरून सावकाश खाली बसली, दोन्ही हातांनी तो उचलला, आणि पदरात गुंडाळला, धारेची बाजू आपल्यापासून लांब.